४१ वर्षांनी व्हायरल झालेले जपानी गाणे. काय आहे ‘सिटी पॉप’ची जादू?

मिकी मात्सुबारा यांचे ‘मायोनाका नो दोआ’ हे गाणे १९७९ मध्ये आले. डिसेंबर २०२० मध्ये ते स्पॉटिफायच्या जागतिक व्हायरल यादीत पहिले ठरले. हे यश पाहायला त्या नव्हत्या. २००४ मध्ये वयाच्या ४४व्या वर्षी त्यांचे निधन झाले होते.

गाणे विरहाचे, तरी ऐकणारा ताल धरतो. असे का?

बासचा उसळता ठेका डिस्को-फंकचा आहे, कॉर्ड्स मात्र जॅझच्या. मेजर सेव्हन्थसारख्या कॉर्डमध्ये आनंदासोबत हुरहुरही ऐकू येते. त्यामुळे जपानी न कळणाऱ्यालाही गाणे भिडते.

ही ओढ आजच्या गायकांनाही आहे. ‘द वीकेंड’ने २०२२ मध्ये ‘आउट ऑफ टाइम’साठी तोमोको आरान यांच्या १९८३ च्या सिटी पॉप गाण्याचे संगीत वापरले.