घरांतील संगणक आणि घराची झोंप

गृहसौख्याचा विचार करतांना आपण अन्न, पाणी, हवा व उजेड यांची चौकशी अवश्य करतों. आवाजाची मात्र क्वचितच करतों. ज्या घरांत तीन पिढ्या एका छपराखालीं नांदतात, तेथें एकाचें काम आणि दुसऱ्याची झोंप यांच्यामध्यें बहुधा एकच भिंत असते. पुष्कळदां तीहि नसते. अशा घरांत मधल्या खोलींतील टेबलावर संगणक येऊन बसला, कीं एक नवाच प्रश्न उपस्थित होतो. परीक्षेस बसलेला मुलगा रात्रीं बारापर्यंत त्यावर काम करणार, आणि त्याच खोलींत चार हातांवर आजोबांची खाट असणार. संगणकाच्या पंख्यानें सूं सूं आवाज धरला, कीं दोहोंपैकीं एक गोष्ट घडते: वृद्धाची झोंप मोडते, किंवा मुलाचा अभ्यास आटोपता घ्यावा लागतो. दोघेहि समजूतदार असले तर कोणीच कांहीं बोलत नाहीं, आणि दोघेहि निमूटपणें सोसतात. हें सोसणें टाळतां येण्यासारखें आहे, असें आम्हांस वाटतें. म्हणून या विषयाची थोडी सविस्तर माहिती येथें देत आहों.

कूलर हा शब्द उच्चारतांच नागपूर-अमरावतीकडील वाचकांच्या डोळ्यांपुढें खिडकीशीं बसविलेला, वाळ्याच्या ताट्यांचा, घरघरणारा पत्र्याचा डबा उभा राहील. संगणकांतील कूलर अगदीं निराळा. तो तळहाताएवढा असतो, व त्यांत पाण्याचा वारा नसतो. प्रोसेसर नांवाची जी चकती संगणकाचें सारें गणित करते, ती काम करतांना तापते. तिच्यावर तांब्याचा अथवा ॲल्युमिनियमचा तळ घट्ट बसवून तिची उष्णता पातळ पत्र्यांच्या पुडक्यांत पसरावयाची, आणि पंख्याच्या वाऱ्यानें ती बाहेर लोटावयाची, एवढेंच याचें काम. तळापासून पत्र्यांपर्यंत उष्णता नेण्यासाठीं हीट-पाइप नांवाच्या तांब्याच्या नळ्या वापरतात. नळीच्या पोटांत थोडें पाणी असतें व हवा काढून टाकलेली असते. त्यामुळें तें पाणी शंभर अंशांच्या पुष्कळ खालींच उकळतें. तापलेल्या टोकाशीं त्याची वाफ होते, थंड टोकाशीं ती वाफ पुन्हां पाणी होते, आणि आंतल्या सच्छिद्र अस्तरांतून तें पाणी परत फिरतें. नुसत्या तांब्याच्या सळईपेक्षां अशी नळी कितीतरी पट अधिक उष्णता वाहून नेते. अमेरिकेंत लॉस ॲलामॉस येथील प्रयोगशाळेंत जॉर्ज ग्रोव्हर यांनीं 1963 सालीं ही युक्ति सिद्ध केली. आज ती आपल्या टेबलावर येऊन पोंचली आहे.

आवाजाचें मूळ

पंख्याचा आवाज मुख्यतः त्याच्या वेगावर अवलंबून असतो, आणि हें अवलंबणें साधें नाहीं. वेग दुप्पट केला तर वारा दुप्पट मिळतो. परंतु आवाज सुमारें पंधरा डेसिबेलनीं चढतो. दहा डेसिबेल चढले कीं आपल्या कानास आवाज जवळजवळ दुप्पट झाल्यासारखा वाटतो, हें लक्षांत घेतलें म्हणजे पंधरांचा अर्थ कळेल. उलट पक्षीं, वेग निम्म्यावर आणतां आला तर तेवढीच शांतता पदरांत पडते. म्हणून शांत कूलरचें सारें रहस्य एका वाक्यांत सांगतां येईल: कमी वेगानें फिरून काम भागेल एवढा मोठा पंखा, व त्याखालीं पुरेसे पत्रे.

अडचण उत्पन्न होते ती येथेंच. लहान संगणकाच्या पेटींत उंची फार थोडी असते. मिनि-आयटीएक्स या मापाचा मदरबोर्ड सतरा सेंटिमीटर लांब व तितकाच रुंद असतो, आणि त्यावर बेतलेल्या पेट्या एखाद्या जाड शब्दकोशाएवढ्या असूं शकतात. इन-विनच्या चॉपिन या पेटींत कूलरला 43 मिलिमीटर, डॅन ए-4 या पेटींत 48, तर फ्रॅक्टल डिझाइनच्या नोड 202 मध्यें 56 मिलिमीटर जागा मिळते. पेटी सुबक व आटोपशीर दिसते म्हणून घेणाऱ्यानें हें ध्यानांत ठेवावें, कीं उंचीचा प्रत्येक सेंटिमीटर वांचविला, तर त्याची भरपाई कोठें तरी कानास करावी लागते.

दोन उदाहरणें

आस्ट्रिया देशांतील नॉक्टुआ या कंपनीचा एनएच-एल9आय हा कूलर पंख्यासह केवळ 37 मिलिमीटर उंच आहे. त्याचा पंखा 92 मिलिमीटरचा असून पूर्ण वेगास, म्हणजे मिनिटास 2500 फेऱ्यांस, 23.6 डेसिबेल आवाज करतो. सोबतची जोडतार लावून वेग 1800 वर आणला, कीं तो 14.8 वर उतरतो, असें कंपनीच्या कोष्टकांत दिलें आहे. त्याचा घेर इतका बेताचा, कीं शेजारच्या रॅमच्या पट्ट्यांस तो अडत नाहीं. दुसरा थर्मलराइट कंपनीचा एएक्सपी90-एक्स47. याची उंची नांवांतच आहे, 47 मिलिमीटर. पंखा याचाहि 92 मिलिमीटरचाच, परंतु नळ्या दोनांऐवजीं चार व पत्रे अधिक. एकच काम दोघांस दिलें, तर दुसरा अधिक संथ फिरून तें उरकतो. तेव्हां पेटींत 48 मिलिमीटर जागा असतां 37 चा कूलर घेणें म्हणजे जागा व शांतता दोन्ही वायां घालविणें होय. जागा 37 चीच असेल, तर मात्र पहिल्यासारखा सज्जन सोबती मिळणें कठीण.

पंखाच नसलेले कूलरहि मिळतात. परंतु नॉक्टुआचा त्या जातीचा एनएच-पी1 हा 158 मिलिमीटर उंच आहे. लहान पेटींत त्याचा प्रवेश होणें नाहीं.

आपल्या उन्हाळ्याचा हिशेब

परदेशी परीक्षणांतील आंकडे वीस-बावीस अंशांच्या खोलींतले असतात. आपला वैशाख त्यांच्या गांवीं नसतो. म्हणून हा हिशेब आपणच मांडावा. इंटेलचा आय5-12400 हा घरगुती उपयोगाचा प्रोसेसर घ्या. त्याची मूळ मर्यादा 65 वॉट असली, तरी जोर लावतांना तो 117 वॉटपर्यंत जाऊं शकतो, आणि शंभर अंशांवर तो स्वतःस आंवरतो. समजा, आपल्या कूलरचा गुण असा, कीं दर वॉटमागें प्रोसेसर भोंवतालच्या हवेपेक्षां 0.6 अंश अधिक तापतो. मग 65 वॉटला 39 अंशांची वाढ झाली. पुण्यांत थंडीच्या दिवसांत खोली 25 अंश व पेटीच्या आंत 30 धरली, तर प्रोसेसर 69 अंशांवर राहील. विदर्भांत मे महिन्यांत खोली 40 व पेटी 45 धरली, तर तो 84 वर जाईल. पण काम चालेल. आतां 117 वॉट धरा: वाढ 70 अंशांची. थंडींतहि तो शंभराच्या उंबरठ्यावर, आणि उन्हाळ्यांत 115 येतात, म्हणजे हें घडूंच शकत नाहीं. प्रोसेसर आपला वेग कापून घेतो व पंखा मात्र जीव तोडून ओरडत राहतो.

यावरून निघणारें अनुमान महत्त्वाचें आहे. शांततेचा पहिला उपाय कूलरांत नसून प्रोसेसरास किती वीज खाऊं द्यावयाची, या निर्णयांत आहे. पुष्कळशा मदरबोर्डांच्या बायोसमध्यें ही मर्यादा 65 वॉटवर बांधून टाकतां येते. लेखन, हिशेब, पत्रव्यवहार, चित्रपट पाहणें, यांत त्यामुळें फरक जाणवत नाहीं. तासन् तास चालणाऱ्या जड कामांस तेवढा थोडा अधिक वेळ लागतो. नवीन खरेदी करणाऱ्यानें नांवाअखेर टी हें अक्षर असलेला, 35 वॉट मूळ मर्यादेचा प्रोसेसर घेतला, तर वरच्याच कूलरनें वाढ 21 अंशांवर येते. मात्र असला प्रोसेसरहि थोडा वेळ अधिक वीज ओढतो. त्याची ती वरची मर्यादाहि बायोसमध्यें पाहून घ्यावी.

पंख्याची चाल

कानास आवाजाइतकाच आवाजांतील बदल सतावतो. भिंतीवरील घड्याळाची टिकटिक आपण विसरतों. पण मध्येंच चढणारा, मध्येंच उतरणारा सूर झोंप येऊं देत नाहीं. आजचे प्रोसेसर एखादें पान उघडतांच क्षणभर दहा-पंधरा अंश उसळी घेतात, व पंखा त्यांच्या मागें धांवतो. यावर उपाय फुकटचा आहे. बायोसमध्यें पंख्याच्या वेगाची पायरी ठरवितां येते. साठ अंशांपर्यंत एकच मंद वेग ठेवावा, पुढें तो सावकाश चढवावा, आणि बदलास कांहीं सेकंदांचा विलंब द्यावा. यासाठीं चार तारांचा पंखा घ्यावा. त्याचा वेग बारकाईनें आंवरतां येतो.

पंखा व पेटीची जाळी यांमधील अंतरहि पाहावें. जाळी पंख्याला अगदीं चिकटली, तर पात्यांवर हवा फाटून शीळ उमटते. अंतर फार झालें, तर पेटींतील तापलेली हवाच पंखा पुन्हां ओढतो. अशा वेळीं पंख्याच्या कडेनें स्पंजाची चौकट बसवून बाहेरची ताजी हवा थेट त्यास मिळेल, असें करावें. काम अर्ध्या तासाचें, पण गुण मोठा.

विकत घेण्यापूर्वीं व नंतर

दुकानांत जाण्यापूर्वीं चार गोष्टी कागदावर लिहून न्याव्या: पेटींतील कूलरची कमाल उंची, प्रोसेसरचें सॉकेट, रॅमच्या पट्ट्यांची उंची, व मदरबोर्डावर सॉकेटभोंवतीं उभे असलेले लहानसहान पत्रे. सॉकेटची चौकशी विशेष करावी. इंटेलनें 2021 सालीं सॉकेट बदललें, तेव्हां छिद्रांमधील अंतरहि बदललें, म्हणून जुन्या सांठ्यांतील कूलर नव्या बोर्डावर जोडसामान निराळें घेतल्याशिवाय बसेलच असें नाहीं. कांहीं कंपन्या कोणता कूलर कोणत्या बोर्डावर व पेटींत बसतो, याच्या याद्या प्रसिद्ध करतात. त्या अवश्य पाहाव्या.

बसवितांना थर्मल पेस्ट वाटाण्याएवढीच पुरे. तिचें काम दोन धातूंमधील सूक्ष्म फटींतील हवा हुसकणें हें आहे. जाड थर दिल्यास तोच अडथळा होतो. स्क्रू एका बाजूचा पुरता न आवळतां समोरासमोरचे आळीपाळीनें आवळावे. पुढची निगा गृहिणींस सांगावयास नको: देशावर धूळ, कोंकणांत दमटपणा. दोन-तीन महिन्यांनीं संगणक बंद करून, पातीं बोटानें धरून, मऊ कुंचल्यानें पत्र्यांतील धूळ झाडावी. धुळीनें पत्रे बुजले, कीं उत्तमांतला उत्तम पंखाहि ओरडूं लागतो. पेटी बंद कपाटांत किंवा भिंतीस चिकटवून ठेवूं नये. लांकडी टेबल थरथर वाढवितें, म्हणून खालीं रबराचीं बुटें द्यावीं. आणि साधेल तर ती खाटेपासून दूर सरकवावी. उघड्या जागेंत अंतर दुप्पट झालें, कीं सहा डेसिबेल कमी होतात. भिंतींच्या खोलींत लाभ तितका नसला, तरी असतोच.

डेसिबेलचीं कोष्टकें कंपन्यांनीं आपापल्या रीतीनें मापलेलीं असतात. दोन कंपन्यांचे आंकडे शेजारीं ठेवून निकाल देणें बरोबर नव्हे. अखेरची परीक्षा घरींच व्हावयाची. ती थंडींत न घेतां चैत्र-वैशाखांत, निजानीज झाल्यावर, संगणकास जड काम लावून घ्यावी. आणि निर्णय विकत आणणाऱ्यानें किंवा काम करणाऱ्यानें देऊं नये; कामांत गुंतलेल्या माणसाचे कान आपोआप मिटतात. ज्याची खाट सर्वांत जवळ आहे, त्यास सकाळीं विचारावें. त्यानें "काय, रात्रीं यंत्र चालू होतें होय?" असें उलट विचारलें, तर निवड योग्य झाली असें खुशाल समजावें.