विश्लेषण : संसदेतून थेट नाचाच्या मंचावर! ब्रिटनच्या ॲन विडेकोम यांची कारकीर्द काय सांगते?

आधी मालिकेतून घराघरांत पोहोचायचे आणि मग निवडणुकीचा अर्ज भरायचा, हा रस्ता महाराष्ट्राला नवा नाही. ब्रिटनमधील एक नेत्या मात्र उलट दिशेने गेल्या. २३ वर्षे खासदारकी केल्यावर त्या टीव्हीवर नाचल्या, ‘बिग ब्रदर’च्या घरात राहिल्या आणि तिथून पुन्हा राजकारणात आल्या. त्यांचे नाव ॲन विडेकोम.

कोण आहेत विडेकोम?

जन्म १९४७ चा. वडील नौदलाच्या सेवेत असल्याने बालपणीचा काही काळ सिंगापूरमध्ये गेला. ऑक्सफर्डमध्ये शिक्षण झाले. संसदेत जाण्याचे आधीचे प्रयत्न फसले. अखेर १९८७ मध्ये हुजूर पक्षाच्या तिकिटावर त्या केंट परगण्यातील मेडस्टोनमधून निवडून आल्या. २०१० मध्ये स्वतःहून निवृत्त होईपर्यंत त्या संसदेत होत्या. १९९५ ते १९९७ या काळात तुरुंगांची जबाबदारी असलेल्या राज्यमंत्री आणि १९९९ ते २००१ मध्ये विरोधी पक्षाच्या ‘छाया गृहमंत्री’, ही त्यांची महत्त्वाची पदे.

‘कट्टर’ ही ओळख कशामुळे?

गर्भपात आणि समलिंगी विवाह या दोन्हींना त्यांचा ठाम विरोध. चर्च ऑफ इंग्लंडने महिलांना धर्मगुरू होण्याची मुभा दिली, तेव्हा त्या चर्च सोडून १९९३ मध्ये कॅथलिक झाल्या. स्वतः राजकारणात पुढे आलेल्या बाईने घेतलेला हा निर्णय अनेकांना बुचकळ्यात टाकणारा होता.

मंत्री असताना, रुग्णालयात नेलेल्या गर्भवती महिला कैद्यांना बेड्या घालण्याच्या पद्धतीचे त्यांनी संसदेत समर्थन केले. त्यावरून देशभर संताप उसळला. २००० च्या पक्ष अधिवेशनात, थोडाही गांजा सापडला तर जागेवरच १०० पौंड दंड करावा, असे त्यांनी सुचवले. काही दिवसांतच त्यांच्याच पक्षाच्या छाया मंत्रिमंडळातील सात जणांनी तरुणपणी गांजा ओढल्याचे कबूल केले आणि प्रस्ताव बारगळला.

मात्र त्या पक्षाच्या साच्यात पूर्ण बसणाऱ्याही नव्हत्या. कोल्ह्यांच्या शिकारीवर बंदी घालण्याच्या बाजूने त्यांनी मत दिले. १९९७ मध्ये आपलेच माजी वरिष्ठ मंत्री मायकल हॉवर्ड यांच्यावर त्यांनी संसदेत जाहीर टीका केली. पक्षाचे नेतेपद मिळवू पाहणाऱ्या हॉवर्ड यांना ती चांगलीच महागात पडली.

टीव्हीने त्यांना काय दिले?

निवृत्तीच्याच वर्षी, २०१० मध्ये, त्या बीबीसीच्या ‘स्ट्रिक्टली कम डान्सिंग’मध्ये उतरल्या. आपल्याकडचा ‘झलक दिखला जा’ याच कार्यक्रमावर बेतलेला आहे. साठी ओलांडलेल्या विडेकोम यांना नाचता येत नव्हते आणि त्यांनी ते लपवलेही नाही. जोडीदार अँटन डू बेक त्यांना अक्षरशः मंचावर ओढत फिरवत असे. परीक्षक तळाचे गुण देत आणि प्रेक्षक मते देऊन त्यांना वाचवत. असे करत त्या डिसेंबरपर्यंत टिकल्या. पुढे नाताळच्या विनोदी नाटकांत त्या दिसल्या. लंडनच्या रॉयल ऑपेरा हाऊसमध्येही त्यांनी एक भूमिका केली.

२०१८ मध्ये ‘सेलिब्रिटी बिग ब्रदर’मध्ये त्या अंतिम फेरीत पोहोचल्या. तिथे त्यांना हरवले कोर्टनी ॲक्ट या स्त्रीवेशात कला सादर करणाऱ्या कलाकाराने. एकाच घरात राहूनही विडेकोम यांची मते तसूभर बदलली नाहीत.

मग पुन्हा राजकारण कसे?

२०१९ मध्ये त्यांनी हुजूर पक्षाला रामराम ठोकून ब्रेक्झिट पक्षाची वाट धरली आणि त्या युरोपीय संसदेत निवडून गेल्या. त्याच सुमारास समलिंगी असण्याबाबत विज्ञान कधीतरी ‘उत्तर’ शोधेल, अशा आशयाचे विधान त्यांनी केले. त्यावरून वादळ उठले आणि त्यांचे रंगमंचावरील कार्यक्रमही रद्द झाले. डिसेंबरमध्ये त्यांनी प्लिमथमधून ब्रिटिश संसदेची निवडणूक लढवली. निकालात त्या तिसऱ्या राहिल्या.

यातला फरक लक्षात घेण्यासारखा आहे. नाचाच्या कार्यक्रमात दिलेल्या मताने कुणाच्या आयुष्यात काही बदलत नाही, म्हणून ते गंमत म्हणून देता येते. मतपेटीतल्या मताने कायदे ठरतात. प्लिमथच्या मतदारांनी ही दोन मते वेगळी ठेवली.

आपल्याकडे उलटा रस्ता का?

रायगड जिल्ह्यातल्याच अलिबागचे आदेश बांदेकर ‘होम मिनिस्टर’मुळे वहिनींचे लाडके भावोजी झाले, पण २००९ मध्ये माहीममधून विधानसभा लढवली तेव्हा पराभूत झाले. छत्रपती शिवाजी महाराज आणि संभाजी महाराज यांच्या भूमिका गाजवणारे डॉ. अमोल कोल्हे मात्र २०१९ मध्ये शिरूरमधून लोकसभेत पोहोचले. आपल्याकडे पडदा चेहरा ओळखीचा करून देतो. विडेकोम यांचा चेहरा आधीच ओळखीचा होता. पडद्याने तो सौम्य केला. बेड्यांचे समर्थन करणाऱ्या मंत्री अनेक घरांत ‘नाचणारी गमतीदार आजी’ झाल्या.

मतदाराने काय पाहावे?

पोलादपूरहून खेडकडे जाताना आता कशेडीच्या बोगद्यातून गाडी काही मिनिटांत पार होते. घाटातली वळणे मात्र होती तिथेच आहेत, फक्त प्रवाशाला दिसत नाहीत. टीव्ही आणि आता रील्स नेत्याच्या कारकिर्दीबाबत हेच करतात.

ती वळणे पाहण्याची सोय हातातल्या मोबाइलवरच आहे. उमेदवाराचे शपथपत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मिळते. त्यात मालमत्ता, शिक्षण आणि दाखल गुन्ह्यांची माहिती असते. खासदाराने विचारलेले प्रश्न आणि केलेली भाषणे संसदेच्या संकेतस्थळावर वाचता येतात. आवडत्या चेहऱ्याला कार्यक्रमात खुशाल मत द्यावे. केंद्रावर जाण्याआधी मात्र ही दोन पाने उघडून पाहावीत.