स्क्रिप्ट तीच, लॅपटॉप दुसरा: एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची भानगड

दिवाळीच्या सुट्टीत युसूफ वडगावला घरी आलो, ते एक काम सोबत घेऊनच. आमच्याच केज तालुक्यात धनेगावजवळ मांजरा धरण आहे. 2016 मध्ये ते आटलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, हे तुम्हाला आठवत असेल. या धरणातल्या पाण्याचा पसारा वर्षागणिक किती बदलतो, ते मला सेंटिनेल-2 उपग्रहाच्या चित्रांवरून मोजायचं होतं. लॅबमधल्या कॉम्प्युटरवर पायथनची स्क्रिप्ट व्यवस्थित चालत होती. घरच्या लॅपटॉपवर मात्र एरर आली: 'प्रोज डॉट डीबी' ही फाइल दुसऱ्याच इन्स्टॉलेशनमधली आहे.

प्रोज म्हणजे अक्षांश-रेखांशांचं नकाशावरच्या मीटरमध्ये रूपांतर करणारी लायब्ररी. ती चालली नाही तर क्षेत्रफळ निघणारच नाही. मी पायथन दोनदा काढून पुन्हा टाकलं. दोन दिवस गेले. दोष पायथनचा नव्हताच.

कोणताही प्रोग्राम सुरू होताना ऑपरेटिंग सिस्टिम त्याच्या हातात नाव-किंमत अशा जोड्यांची एक यादी देते. हेच एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. युनिक्सच्या 1979 च्या सातव्या आवृत्तीपासून ही सोय चालत आली आहे. माझ्या यादीत 'प्रोज_लिब' नावाची एक जोडी होती. कधीतरी टाकलेल्या एका डेटाबेसच्या इन्स्टॉलरने ती सगळ्या सिस्टिमसाठी लावून ठेवली होती, आणि माझं पायथन बिचारं मुकाट्याने त्या जुन्या फोल्डरमध्ये जाऊन बघत होतं.

तुमच्याकडे काय आहे ते बघा. (आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्यात, टाइप करताना इंग्रजी अक्षरंच वापरा.) कमांड प्रॉम्प्ट उघडून नुसतं 'सेट' टाका, पूर्ण यादी येईल. बदल करायचा असेल तर स्टार्ट मेनूत 'एन्व्हायर्नमेंट' शोधा. जी खिडकी उघडते तिच्यात वर यूजरचे आणि खाली सिस्टिमचे व्हेरिएबल दिसतात. शक्यतो वरच्याच भागात बदल करा. त्याला अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागत नाही, आणि लॅबचा कॉम्प्युटर चार जण वापरत असतील तर बाकीच्यांचं काम बिघडत नाही.

सगळ्यात जास्त फसवतो तो 'पाथ'. तुम्ही 'पायथन' टाइप केलं की विंडोज पाथमधली फोल्डर ओळीने तपासतं आणि जे पहिलं सापडेल ते चालवतं. त्यात सिस्टिमचा पाथ आधी, तुमचा नंतर. म्हणजे तुम्ही यूजर पाथमध्ये नवीन पायथन अगदी वर ठेवलं, तरी सिस्टिम पाथमधलं जुनंच चालू शकतं, तेही कसलीही एरर न देता. मला हे एररपेक्षा जास्त धोक्याचं वाटतं, कारण प्रबंधातला आकडा नेमक्या कोणत्या आवृत्तीतून आला हेच कळत नाही. 'व्हेअर पायथन' टाकलं की सगळी पायथन क्रमाने दिसतात.

आणखी एक. पाथ बदलायला 'सेटएक्स' वापरा असा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळतो. जपून! ती आज्ञा 1024 अक्षरांच्या पुढचा मजकूर सरळ कापून टाकते.

बदल केल्यावर 'काहीच फरक पडला नाही' अशी तक्रार हमखास येते. यादी मिळते ती प्रोग्राम सुरू होतानाच, त्यामुळे आधीपासून उघड्या खिडकीला नवीन किंमत कळत नाही. ती बंद करून पुन्हा उघडा. एडिटरच्या आतलं टर्मिनल वापरत असाल तर अख्खा एडिटर बंद करावा लागतो, कारण टर्मिनलला यादी एडिटरकडूनच मिळते.

उबुंटूवाल्यांनी होम फोल्डरमधल्या 'डॉट बॅशआरसी' फाइलमध्ये 'एक्स्पोर्ट'ची ओळ लिहावी. पण ती टर्मिनलपुरतीच. मेनूतून उघडलेला प्रोग्राम ही फाइल वाचत नाही.

मी शेवटी 'प्रोज_लिब' सिस्टिममधून काढलं. डेटाबेसला ते लागतं, म्हणून तो सुरू करणाऱ्या बॅच फाइलमध्येच तेवढी ओळ घातली. आता माझी स्क्रिप्ट आधी पायथनचा मार्ग, प्रोजची आवृत्ती आणि 'प्रोज_लिब'ची किंमत छापते, मगच मांजराचं क्षेत्रफळ.