श्रीनगर ते कन्याकुमारी सायकलवर, आणि मग पुन्हा ऑफिस

राष्ट्रीय महामार्ग ४४ श्रीनगरहून निघून नागपूर, हैदराबाद, बंगळूरू, मदुराई करत कन्याकुमारीला पोचतो. अंतर ३,५०० किलोमीटरहून जास्त, म्हणजे रोज १०० किलोमीटर मारले तरी महिना उलटतो. नागपूरच्या उत्तरेला पेंचच्या जंगलात हा रस्ता उंच पुलांवरून जातो, खालून वाघ-हरणांना वाट मोकळी! आणि अगदी शेवटी, मुप्पंदलच्या पवनचक्क्यांपाशी, पावसाळ्यात खिंडीतून येणारा वारा सायकल आडवी ढकलतो.

या सगळ्याची तयारी लोक मनापासून करतात. घरी परतल्यानंतरची मात्र कुणीच करत नाही, आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते.

पहिली गोष्ट हातांची. हँडलवर तळहात दाबून राहिल्याने करंगळीकडे जाणारी नस चेंगरते. शर्टाचं बटण लावताना, कुलपात किल्ली फिरवताना बोटं साथ देत नाहीत. बहुतेकांचं काही आठवड्यांत ओसरतं, पण पकड कमी झाली असेल तर डॉक्टरांना दाखवाच.

दुसरी भुकेची. पॅडल थांबतात, पण भूक काही दिवस तशीच राहते. चौथ्या पोळीआधी जरा थांबा.

आणि सायकल एकदम बंद करू नका. व्यायाम थांबला की दोनेक आठवड्यांतच रक्तातला द्रवभाग घटतो, त्याच चढावर धाप लागते. आठवड्यातून दोन-तीनदा तासभर, त्यात थोडा जोर लावून चालवली तरी कमावलेला दम बराच टिकतो. ऑफिसला सायकलनेच जाता आलं तर फारच उत्तम.