माफी आणि माकू

गेल्या हिवाळ्यात आम्ही रेवदंड्यास गेलो होतो. एका बालमित्राच्या ओट्यावर संध्याकाळचा चहा चालला असता त्याचा नातू एक वही घेऊन पुढ्यात येऊन बसला. पोराला कुवेतमध्ये नोकरी लागली होती आणि महिनाभरात निघायचे होते. "मास्तर," तो म्हणाला, "आजोबा तीस वर्षं तिकडं राहून अरबी शिकले, तुम्ही इस्राएलला जाऊन हिब्रू शिकलात. मला लवकर शिकायची रीत सांगा ना."

हा मित्र मुसलमान, आम्ही बेने इस्राएल. गावच्या शाळेत एका बाकावर बसलो. आम्ही १९७० साली इस्राएलला आलो, तो १९७४ साली कुवेतला गेला. (शनिवार तेली आम्ही आणि तेलाच्या देशात गेला तो, ही आमची थट्टा पन्नास वर्षे चालू आहे.) येथून कुवेतला सरळ टपाल जात नसे. आमची पत्रे त्याच्या रेवदंड्याच्या घरी जात आणि तेथून पुढे. त्या पत्रांतून दोघांच्याही लक्षात आले की भाषा दोन असल्या तरी चुका आपण एकच करीत आहोत. त्या संध्याकाळी पोराला जे सांगितले ते आपल्या वाचकांसही सांगावेसे वाटते, कारण आपल्या घरांतही कोणी ना कोणी कसली तरी भाषा शिकत असतो, किंवा शिकायची टाळत असतो.

पहिली गोष्ट म्हणजे आम्ही दोघेही भाषा येते अशा समजुतीत निघालो होतो. मित्राने लहानपणी मदरशात कुराण वाचले होते. आम्ही तेफिल्ला घडाघडा म्हणत असू. आपल्या समाजाला हिब्रूचे वावडे कधीच नव्हते. जॉन विल्सन यांनी मराठीतून लिहिलेले हिब्रू व्याकरण मुंबईत १८३२ साली छापले गेले, पेसाहाची हग्गादा मराठी अर्थासह १८४६ साली निघाली, पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी प्रार्थनांची भाषांतरे केली. पण भाषांतर शेजारी छापलेले असले की डोळा तिकडेच पळतो. मूळ शब्द तोंडाने म्हणायचा आणि अर्थ मराठीतून घ्यायचा, अशी आम्हाला सवय लागली. परिणामी लोदला पहिल्याच दिवशी बसच्या ड्रायव्हरने "लेआन?" असे विचारले आणि आम्ही गप्प. कोठे जायचे, एवढेच तो विचारीत होता.

मित्राचेही तेच झाले. कुवेतला पहिल्या सकाळी त्याने भटारखान्यात ‘खुब्ज़’ मागितला. शब्द बरोबर होता. पाववाल्याने विचारले, "चम?" पुस्तकी अरबीत ‘किती’ला ‘कम’ म्हणतात, पण कुवेती तोंडात ‘क’चा पुष्कळदा ‘च’ होतो. कुत्रा ‘कल्ब’चा ‘चल्ब’ होतो. ‘काफ’ हे घशातले अक्षर ‘ग’ होते, म्हणून हृदय ‘कल्ब’ न राहता ‘गल्ब’ होते. कुत्रा आणि हृदय यांच्या उच्चारात घोटाळा कराल म्हणून अरबीचे मास्तर विद्यार्थ्यांना भिववितात. कुवेती माणसाने तो घोटाळा मुळातच मिटवला आहे! तेव्हा ज्या गावी राहायचे त्या गावची बोली पहिल्या दिवसापासून कानावर घ्यावी. पुस्तकाची भाषा वाचण्यासाठी लागते, तीही शिकावी, पण पाववाल्याकडून तिची अपेक्षा करू नये.

दुसरी चूक अधिक गोड आहे, म्हणून अधिक घातक. कुवेतमध्ये आज सुमारे दहा लक्ष भारतीय आहेत. दुकानदार, ड्रायव्हर, परिचारिका, सगळीकडे आपलीच माणसे. हिंदीवर निम्मे काम भागते. उरलेले भागवायला एक बाजारी अरबी तयार झाली आहे. भाषाशास्त्रज्ञांनी तिचाही अभ्यास केला आहे. तिच्यात क्रियापद बदलत नाही: अना रूह, इंता रूह, हुवा रूह, म्हणजे मी जा, तू जा, तो जा. आहे म्हणजे ‘फी’, नाही म्हणजे ‘माफी’. ‘माफी मुश्किल’ म्हणजे काही अडचण नाही. आपल्या ‘माफी’शी तिचा संबंध नाही. ही भाषा तीन महिन्यांत येते, आणि अरबी शिकणे तेथेच थांबते, कारण पुढे शिकण्याची गरज भासत नाही. मित्र म्हणतो, "मला अरबी येत नाही असं कुणी म्हटलंच नाही. सगळे म्हणायचे, जैन, जैन." छान, छान.

एके दिवशी त्याच्या ध्यानात आले की कचेरीतले दोन कुवेती कारकून आपसात बोलताना ‘नाही’ला ‘माकू’ म्हणतात आणि त्याच्याकडे वळले की ‘माफी’ म्हणतात. म्हणजे ते त्याच्यासाठी वेगळी, मोडकी भाषा काढत होते, जशी आपण तान्ह्या मुलाशी बोबडी बोलतो. तो जी ऐकून शिकत होता ती त्यांची भाषाच नव्हती. आम्ही शिक्षक म्हणून सांगतो, परकी भाषा शिकणाऱ्याने हे सतत तपासावे. लोक माझ्याशी बोलताना एक शब्द आणि आपसात बोलताना दुसरा वापरतात काय? वापरत असतील तर आपण अजून ओट्यावरच आहोत, घरात शिरलेलो नाही.

हे कळूनही त्याने काही केले नाही. केले ते १९७७ साली, ठेच लागल्यावर. पहिली नोकरी संपली तेव्हा कंपनीच्या कारकुनाने एक कागद पुढे केला. "सब जैन, माफी मुश्किल, इम्ज़ा," म्हणजे सही कर. मित्राने केली. माझे सर्व पैसे मिळाले, काही येणे नाही, असा तो कागद होता आणि दोन महिन्यांचा पगार यायचा होता. तो गेला. कंपनीचे नाव आम्ही लिहीत नाही. कुराण अस्खलित वाचणाऱ्या माणसाला तो कागद वाचता आला नाही, याचे कारण आपल्या वाचकांना लगेच समजेल. कुराणात जेर, जबर, पेश छापलेले असतात, कचेरीच्या कागदावर नसतात. आमच्या सिद्दूरात निकुद होते. लोदला वर्तमानपत्र हाती घेतले तेव्हा तेथे नुसती व्यंजने, जणू कोणी काना-मात्रा झाडून टाकल्या होत्या. चिन्हांवाचून वाचायचे तर शब्द आधी ओळखीचा असावा लागतो. नुसती अक्षरओळख येथे उपयोगी पडत नाही.

त्यानंतर त्याने रोज अर्धा तास काढला. आधी तो शुक्रवारची सबंध सुटी पुस्तक घेऊन बसे आणि मंगळवारपर्यंत सर्व विसरे. जर्मन पंडित एबिंगहाउस यांनी १८८५ साली पुस्तक लिहून दाखवले की पाठ केलेले सुरुवातीलाच झपाट्याने विसरते आणि थोड्या थोड्या अंतराने उजळणी केली तर टिकते. आपल्या आजीला हे ठाऊक होते. ती पाढे रोज म्हणवून घेई, आणि मधूनच "सात नव्वे?" असे विचारी. त्या मधूनच विचारण्यात सगळे आहे. पान पुन्हा पुन्हा वाचले की ते ओळखीचे होते आणि आपल्याला वाटते, आले. पान झाकून आठवून पाहिले म्हणजे खरे काय ते कळते. नातवाच्या मोबाइलवरील अ‍ॅप चार पर्याय दाखवून एक निवडायला लावी. कुवेतमध्ये कोणी चार पर्याय दाखवीत नाही.

वेळेबाबतही स्वतःला फसवू नये. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची भाषाशाळा इंग्रजी भाषकाला हिब्रूसाठी ११०० तास आणि अरबीसाठी २२०० तास शिक्षण लागते असे धरते. रोज अर्धा तास म्हटल्यास २२०० तासांना बारा वर्षे होतात. मित्र हे गणित ऐकून हसला. "मी तीस वर्षं राहिलो. बारा काय, अडीच पट झाली असती."

पण मराठी माणसाची अवस्था इंग्रजापेक्षा बरी आहे. आपल्या भाषेत अरबी शब्द फारसीच्या वाटेने येऊन शेकडो वर्षे बसले आहेत: हिशेब, तारीख, मालक, मुदत, हजर, फक्त, कायदा, इमारत, दुकान. ‘वगैरे’ हासुद्धा अरबीच. ज्याला हिब्रू येते त्याला आणखी एक घबाड मिळते. बायित तेथे बैत, शेमेश तेथे शम्स, योम तेथे योम. पाण्याला आपण माइम म्हणतो, कुवेती माणूस ‘माय’ म्हणतो. तीन अक्षरांच्या धातूतून शब्दांचे कुटुंब निघते हेही दोन्हीकडे सारखे. नवा शब्द एकटा पाठ करण्याऐवजी त्याचे भाऊबंद शोधावेत. मात्र चेहरे सारखे म्हणून स्वभाव सारखे समजू नयेत. अरबीत ‘गरीब’ म्हणजे परका किंवा चमत्कारिक; पैसे नसलेला नव्हे. हिब्रूतला लेहेम म्हणजे भाकर, अरबीतला लह्म म्हणजे मांस. आम्ही दोघे एकाच दुकानात हा शब्द घेऊन गेलो तर वेगवेगळ्या पिशव्या घेऊन बाहेर पडू.

देणेघेणे उलट दिशेनेही झाले आहे. १९६१ साली दिनार येईपर्यंत कुवेतमध्ये रुपयाच चाले. तेथील गलबते मुंबईला येत, मोत्यांचे व्यापारी येत. म्हणून कुवेती बोलीत पैशाला ‘बेज़ात’, पंख्याला ‘बंका’ (अरबीत ‘प’ नाही), बटाट्याला ‘बतेता’, सरळला ‘सीदा’ आणि तिजोरीला ‘तिजूरी’ म्हणतात. शहराची १९२० सालची तटबंदी १९५७ साली पाडली, पण वेशी राखल्या. त्या वेशींना आजही ‘दरवाज़ा’ म्हणतात. मित्राच्या दुसऱ्या कंपनीत एक वृद्ध कुवेती होता, तरुणपणी गलबतावर मुंबईच्या फेऱ्या केलेला. तो मित्राशी हौसेने हिंदी बोले. मित्राने त्याला विनंती केली की दुपारच्या चहाला अर्धा तास आपण फक्त कुवेती बोलू, मी चुकलो की थांबवा आणि माझ्यासाठी ‘माफी’ म्हणू नका. म्हातारा कडक निघाला. एका वर्षात मित्र दिवाणियात बसू लागला. तेथे संध्याकाळी पुरुषमंडळी जमतात आणि चहापाण्याबरोबर गावच्या सगळ्या बातम्या निघतात. हसण्याची भीती त्या चहाच्या वेळी गेली, असे तो सांगतो. प्रौढ माणूस व्याकरणाला कमी आणि हसे होण्याला अधिक भितो.

येथे आम्हाला आपल्याच समाजाविषयी थोडे कडू लिहावे लागते. आमची ‘माफी’ आम्हीही काढली होती. उल्पान आटोपले, कारखान्यात मराठी बोलणारे भेटले, शेजारी मराठी, सिनेगॉगमध्ये मराठी. चाळीस-पन्नास हिब्रू शब्दांवर कित्येकांची हयात गेली. परिणाम कुपात होलीममध्ये दिसतो. ऐंशी वर्षांची आजी डॉक्टरांपुढे बसते, बरोबर बारा वर्षांचा नातू असतो, आणि जे दुखणे ती मुलालाही सांगणार नाही ते नातवाच्या तोंडून सांगवते. त्यातून नातवाला मराठी कच्ची, आजीला हिब्रू कच्ची. डॉक्टरांपर्यंत काय पोहोचते ते देव जाणे. आमच्या घरी हे झाले आहे, म्हणून लिहितो.

पोराच्या वहीकडे वळतो. त्याने तीनशे शब्द सुवाच्य अक्षरात लिहिले होते, पण सर्व देवनागरीत. (या लेखातही अरबी शब्द देवनागरीत आहेत, ती वाचकांची सोय, वहीत असे करू नये.) पान चौथे: ‘अमल – आशा’. पान अकरावे: ‘अमल – काम’. त्याला वाटले, एका शब्दाचे दोन अर्थ. वस्तुतः पहिल्याच्या आरंभी अलिफ आहे, दुसऱ्याच्या आरंभी ऐन. देवनागरीत दोघांना एकच अंगरखा. आपल्या आद्य ओलीमच्या वह्यांतही हेत आणि खाफ असेच ‘ख’मध्ये बुडून गेले आणि मग शुद्धलेखनात जन्मभर छळत राहिले. लिपी पहिल्या आठवड्यात शिकावी. पोराला तर ती येत होती, मदरशात शिकलेली. कामाच्या भाषेला वापरायची हे सुचले नव्हते इतकेच. आम्ही त्याला नवी वही आणायला पाठवले.

तो परत आला तो करारपत्र घेऊन. एका बाजूस अरबी, दुसऱ्या बाजूस इंग्रजी. त्याने फक्त इंग्रजी वाचले होते. कुवेतच्या २०१० सालच्या सहा क्रमांकाच्या कामगार कायद्याप्रमाणे करार अरबीत करावा लागतो. सोबत दुसऱ्या भाषेत तर्जुमा देता येतो, पण वाद झाल्यास अरबी मजकूर ग्राह्य धरतात. मित्राने चष्मा पुसला, कागद नातवाच्या हाती परत दिला आणि म्हणाला, "इंग्रजी बाजू झाक. वरचं मथळ्याचं वाच."

पोर अडखळत वाचू लागला. जेर नाही, जबर नाही. पहिला शब्द त्याला निकाहामुळे ठाऊक होता. "अक्द," तो म्हणाला. मग थांबला. "अमल."

"कुठला अमल?" मित्राने विचारले.

पोराने कागद दिव्याजवळ धरला. "ऐनवाला."

"मग पुढं चल," मित्र म्हणाला, आणि चहा पुन्हा गरम करायला सांगितला, कारण कलमे चौदा होती.