सोंगाला टाळ्या, खऱ्याला जिना

आपल्या चित्रपटांना अपंग व्यक्तिरेखांचे वावडे कधीच नव्हते. 'दोस्ती' (१९६४) पाहताना आमच्या आईच्या पिढीने पदर ओले केले. कुबड्या घेतलेला रामू आणि आंधळा मोहन घरोघरी पोचले. त्या भूमिका करणारे दोघेही नट मात्र धडधाकट होते. पुढे 'कोशिश', 'स्पर्श', 'ब्लॅक' आले, रीत तीच राहिली.

ठळक अपवाद सुधा चंद्रन यांचा. १९८१च्या अपघातानंतर त्यांचा उजवा पाय कापावा लागला. जयपूर फूट लावून त्या पुन्हा नाचल्या आणि तेलुगू 'मयूरी' व हिंदी 'नाचे मयूरी' (१९८६) यांत स्वतःचीच कहाणी पडद्यावर जगल्या. पुढे 'कहीं किसी रोज' मालिकेतली त्यांची रमोला सिकंद गाजली ती ठसक्यामुळे, पायामुळे नव्हे.

मी पोलिओमुळे कॅलिपर घालून चालतो. एकदा एका चित्रपटाच्या निवडचाचणीला गेलो. चाचणी तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. धापा टाकत पोचलो, तर 'लंगड्याची भूमिका आधीच दिली' असे उत्तर मिळाले. दुसरी एखादी भूमिका मी करू शकेन, हे कुणाच्या डोक्यातही आले नाही.

खरी अडचण इथेच आहे. गोष्टीतला वकील, पोस्टमास्तर किंवा सासरा कुबडी घेऊन वावरला, तर गोष्टीचे काय बिघडते? अपंगांच्या हक्कांचा नवा कायदा २०१६ साली झाला. आता स्टुडिओच्या दाराशी उतार हवा आणि लेखकाच्या कागदावर थोडी जागा. अश्रू पुष्कळ झाले. आता काम द्या.