दुबईत खातं उघडायला आधार चालत नाही

पांढुर्णा-सौसरहून दुबईला कामाला जाणाऱ्या पोरांनो, आपलं आधार-पॅन तिथल्या बँकेत कामाचं नाही. पासपोर्ट अन् राहण्याचा व्हिसा लागतोच, पण सगळं अडतं ते एमिरेट्स आयडीवर. मोबाईल बँकिंगही त्याच कार्डावर अन् तिथल्या नंबरवर चालू होतं.

पांढुर्णा जिल्हा २०२३ मध्ये झाला, म्हणून जुन्या पासपोर्टवर छिंदवाडाच दिसेल. नाव, जन्मतारीख मात्र सगळीकडे सारखी पाहिजे.

पासपोर्ट मालकाने ठेवून घेणं तिथंही बेकायदेशीर आहे. अन् आपलं कार्ड, सिम, खातं एजंटाला काय, जिवलग मित्रालाही वापरायला देऊ नका; त्यातून फसवणुकीचा पैसा फिरला तर पोलीस आधी खातेदारालाच धरतात.

गावच्या बँकेलाही कळवा. परदेशी नोकरीला गेल्यावर साधं बचत खातं एनआरओ करून घ्यावं लागतं, हा फेमा कायद्याचा नियम आहे.